पाटीवर दत्त, लोकांच्या तोंडी वहिनी

ऋतुजाचा फार्मसीला नंबर लागला त्या दिवशी पहिला पेढा कोणाच्या तोंडात गेला, हे माझ्या लक्षात आलं नाही असं घरात सगळ्यांना वाटतं. आलं. चांगलं लक्षात आलं. मी ओसरीवर खुर्ची टाकून बसलो होतो. दारातून आत येणाऱ्या माणसाला आधी मीच दिसतो. तरी ती पोरगी माझ्यासमोरून तरातरा स्वयंपाकघरात गेली, आजीच्या पाया पडली, आजीला पेढा भरवला, मग देवापुढे एक ठेवला आणि उरलेला डबा घेऊन माझ्याकडे आली. म्हणजे आधी वहिनी, मग देव, मग मी. ती माझ्या सख्ख्या भावाची नात. मला दत्ताआजोबा म्हणते, जीव लावते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण फार्मसीचं नाव निघाल्यावर या घरात पहिल्यांदा कोणाकडे यायला पाहिजे? वर्गात पहिला कोण यायचा? दुकानाच्या पाटीवर नाव कोणाचं आहे? "आजोबा," ती पेढा देत म्हणाली, "कॉलेज सुरू व्हायच्या आधी मला तुमच्याकडून पण थोडं ऐकायचंय." तिच्या त्या वाक्यातला 'पण' मी अजून चघळून राहिलोय.

आमचं घर कळमनुरीत, बाजारपेठेच्या तोंडाशी. पुढच्या खोलीत अण्णांचं किराणा दुकान आणि मागे आम्ही राहायचो. अण्णा म्हणजे माझे वडील. साबण, गोडेतेल, काडेपेट्या, गूळ असं सगळं ते विकायचे आणि गल्ल्याशेजारच्या काचेच्या बरणीत डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या ठेवायचे. कोणी कपाळ धरून आलं की बरणीत हात घालून "ही घे, अन् वरून गरम पाणी पी" म्हणायचे. एकदा कुणी साहेब आले आणि सर्टिफिकेटवाल्या माणसाशिवाय गोळ्या विकता येणार नाहीत असं दहा लोकांसमोर सांगून बरणी उचलून घेऊन गेले. अण्णांना ते फार लागलं. संध्याकाळी जेवताना त्यांनी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरला आणि म्हणाले, "सर्टिफिकेट पायजे ना? घरातच तयार करतो सर्टिफिकेट." आणि माझ्याकडे बघितलं. त्या दिवसापासून दत्त मेडिकल हे नाव आमच्या घरात रोज निघायला लागलं. दत्त म्हणजे देवही आणि मीही, एका पाटीत दोन्ही कामं. दुकान उघडायला अजून कितीतरी अवकाश होता, पण हिरव्या अक्षरांची ती पाटी, तिच्याखालचं काउंटर आणि काउंटरमागच्या खुर्चीवर पांढरा कोट घालून बसलेला मी, हे मला डोळे मिटले की दिसायचं. दुसरं काही मी मागितलं नव्हतं कोणाला. ती खुर्ची पाहिजे होती.

मध्येच दादाचं लग्न ठरलं. दादा माझा थोरला भाऊ. तो कयाधू नदीच्या काठची शेती बघायचा, हळद करायचा, आणि दिवसभरात मोजकं बोलायचा. मुलगी हट्टा गावची, नाव मंदाकिनी. लग्नाच्या बैठकीत तिचे वडील हात जोडून म्हणाले, "बाकी काही न्हाई मागणं. पोरगी सायन्सची बारावी झालेली हाय. तिला पुढं शिकवा म्हंतो." अण्णांच्या तोंडात पान होतं आणि अंगात आनंद होता. "शिकवू की!" ते म्हणाले. "आमचं दत्ताबी यंदा फार्मसीलाच चाललंय. दोघं एकाच गाडीनं जातील, एकाच गाडीनं येतील. तेवढीच सोबत." मी तेव्हा चहाचा ट्रे घेऊन तिथंच उभा होतो. मला काही म्हणता काही खुपलं नाही. उलट बरंच वाटलं, की आपल्याला घरातल्या घरात शिकवायला कोणीतरी मिळणार. किती भोळा होतो बघा.

सकाळी मला जाग यायची ती आवाजानं. आधी चुलीपाशी भाकरी थापल्याचा थप थप आवाज, मग तव्यावर उलथनं आपटल्याचा, आणि मग लोखंडी खलबत्त्यात मिरच्या, लसूण, शेंगदाणे कुटल्याचा. हा शेवटचा आवाज वहिनींचा. त्या माझ्या आधी उठायच्या, घरातल्या सगळ्यांच्या भाकरी करायच्या, आमचे दोघांचे डबे भरायच्या, आणि मी शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून जपत जपत स्टँडवर पोचायचो तोवर डोक्यावरचा पदर सावरत त्या माझ्या मागेच उभ्या असायच्या. हिंगोलीची गाडी आली की खिडकीतून रुमाल टाकून जागा मी धरायचो. आणि बसायचं कोणी? एखादी म्हातारी दांडीला धरून उभी दिसली की वहिनी उठायच्या, म्हातारीला बसवायच्या, मग त्यांना कोणीतरी दुसरं बसवायचं, आणि हिंगोली येईपर्यंत अख्ख्या गाडीला त्यांचं माहेर, सासर, नणंदा माहीत झालेल्या असायच्या. मी धरलेली जागा मात्र भलत्याचीच होऊन जायची.

कॉलेजात मी पहिल्याच दिवशी एक चूक केली. हाक मारली. आता भावाच्या बायकोला मी काय म्हणणार? "वहिनी, डबा काढा," एवढंच म्हणालो. दुसऱ्या दिवशी वर्गातली चार पोरं "वहिनी, ठेचा द्या ना" करायला लागली. आठवड्यात वर्ग वहिनी म्हणायला लागला, मग लॅबमधला शिपाई, आणि पावसाळा संपेस्तोवर आमचे एक सरही हजेरी घेताना नाव वाचायचे, वर बघायचे आणि हसून म्हणायचे, "आल्यात का वहिनी?" मला कोणी दत्ता म्हणत नसे. मी कोण, तर वहिनींचा भाऊजी. वर्गात पहिला नंबर माझा, फळ्यावर जाऊन रेणूंच्या आकृत्या काढणार मी, आणि पोरं एकमेकांना सांगताना म्हणायची, "अरे तो नाही का, वहिनींसोबत येतो तो!" अशा वेळी कुणाच्या पोटात दुखणार नाही? आज माझ्या दुकानात पोटदुखीवर हव्या तेवढ्या गोळ्या आहेत. त्या दुखण्यावर काही निघालेलं नाही.

पण खरी ठिणगी पडली ती इमल्शनच्या प्रॅक्टिकलला. तेल आणि पाणी एकजीव करायचं असतं, मध्ये डिंकाची पूड घालायची, आणि चिनी मातीच्या खलात बत्त्यानं एका दिशेनं, न थांबता घोटत राहायचं. सर म्हणाले, "डोळ्यांनी बघू नका, कानांनी ऐका. घोटता घोटता आवाज बदलतो. चट् चट् वाजायला लागलं की समजा जमलं." अख्खा वर्ग घोटत बसला. माझ्या खलातून नुसता पच् पच् आवाज येत होता आणि वर तेल तरंगायला लागलं होतं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून तो आवाज आला. चट् चट् चट्. स्वच्छ, एकसारखा. सर धावत आले, खल कानाशी नेला, सगळ्या वर्गाला जवळ बोलावलं आणि म्हणाले, "ऐका, ऐका! याला म्हणतात हात!" वहिनी लाजून म्हणाल्या, "सर, घरी रोज खलबत्ता असतो, त्याच्यानं सवय हाय." मी तेव्हा माझ्या फुटलेल्या इमल्शनकडे बघत होतो. पुस्तकातलं प्रमाण मला तोंडपाठ होतं, डिंक मी मापून घेतला होता, आणि तरी तो आवाज माझ्या हातून निघत नव्हता. पुढं दोन्ही वर्षं निघाला नाही. आजही सकाळी स्वयंपाकघरात कोणी काही कुटायला घेतलं की मी रेडिओ मोठा करतो. घरच्यांना वाटतं आजोबांना बातम्यांची आवड आहे.

घरातही हळूहळू गोष्टी सरकायला लागल्या. आमच्याकडे एक म्हैस होती. तिच्या दुधावरची साय माझी, हा कायदाच होता. मी शेंडेफळ, सकाळी वाटीत साय, वर साखर, ही वाटी माय माझ्यापुढे सरकवायची आणि दादालाही त्यात बोट घालू द्यायची नाही. परीक्षेचे दिवस जवळ आले तेव्हा एका सकाळी मी पाटावर बसलो, तर वाटी नव्हती. वाटी वहिनींच्या पुढ्यात होती. माय म्हणत होती, "खा ग बाई. दोन्हीकडून राबून राहिली तू. वाळून चाललीस नुसती." वहिनी म्हणाल्या, "भाऊजींची हाय ती, आत्याबाई." तर माय काय म्हणाली असेल? "त्याचं काय, तो आयत्यावर तर बसतो." मी डबा घेऊन निघालो आणि वाटेत हॉटेलात मुद्दाम दोन भजी जास्त खाल्ली. साय एवढीशी असते, मला ठाऊक आहे. पण मला अजून त्या वाटीचा काठ आठवतो, एका बाजूला चेपलेला.

मला भीती वाटायला लागली ती त्यानंतर. कारण एका दुपारी मी अण्णांना मायशी बोलताना ऐकलं. "सर्टिफिकेटं दोन व्हतील," अण्णा म्हणत होते. "खुर्ची एकच बसती तिथं. कोनाला बसवावं?" माय म्हणाली, "बघू मंग." एवढंच. पण याचा अर्थ ती गोष्ट ठरलेली नव्हती. लहानपणापासून जी खुर्ची माझी म्हणून मी डोळे मिटून बघत होतो, ती अजून कोणाचीच नव्हती. मी अभ्यासाचा सपाटा लावला. औषधांची नावं, मात्रा, दुष्परिणाम असं घडघड पाठ करायचो, आणि मुद्दाम अण्णांना ऐकू जाईल असं मोठ्यानं करायचो.

त्याच सुमारास माय आजारी पडायला लागली. म्हणजे ताप नाही, खोकला नाही, पण बसल्या जागी डुलकी लागायची, तोंड सुजल्यासारखं दिसायचं, आवाज जड झाला होता, आणि चैत्राच्या उन्हातही ती अंगावर शाल ओढून बसायची. नांदेडच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि थायरॉईड निघालं. रोजची एक छोटी गोळी दिली. चिठ्ठी घेऊन माय माझ्याचकडे आली, वहिनींकडे नाही, हे इथं नोंदवून ठेवतो. "दत्त्या, कशी घ्यायची रं ही?" मला काय आनंद झाला! मी तिला समोर बसवलं. गळ्यातली ग्रंथी कशी असते, ती काय सोडते, ते कमी पडलं की काय होतं, ही गोळी ती उणीव कशी भरून काढते, सगळं सांगितलं. आकृतीसुद्धा काढली. आणि शेवटी म्हणालो, "ही गोळी उपाशीपोटी घ्यायची. काही झालं तरी उपाशीपोटीच." माय म्हणाली, "व्हय." मी विचारलं, "कळलं?" ती म्हणाली, "न कळायला काय झालं? लेकानं सांगितलं अन् मला न्हाई कळणार व्हय?" तिच्या चेहऱ्यावर माझं केवढं कौतुक होतं.

उन्हाळा गेला, पेरण्या झाल्या, आणि मायला गुण येईना. उलट ती जास्तच थकायला लागली. केस गळायला लागले. एकदा तर देवपूजेला बसली आणि तिथंच आडवी झाली. अण्णा घाबरले. दादा शेतातून पळत आला आणि मायचे पाय धरून बसला. अण्णा म्हणाले, "गोळीच खोटी असंल. न्हाईतर डॉक्टर खोटा." मी पुस्तक उघडून बसलो. मात्रा कमी पडत असणार, हा माझा निष्कर्ष. मात्रा दुप्पट करायला पाहिजे, उद्याच नांदेडला जाऊ आणि डॉक्टरांना तसं सांगू, असं मी सगळ्यांसमोर ठासून सांगितलं. डॉक्टरांना काय बोलायचं याची वाक्यंसुद्धा मनात जुळवली होती. वहिनी मायच्या तळपायाला तेल चोळत बसल्या होत्या. त्यांनी मान वरही केली नाही. चोळता चोळता विचारलं, "आत्याबाई, तुमी गोळी कशी घेता, मला सांगा बरं. कवा घेता?"

"कवा म्हंजे?" माय म्हणाली. "उपास असतो तवा. दत्त्यानं सांगितलंय ना, उपाशीपोटी. सोमवारी घेते, चतुर्थीला घेते, एकादशीला घेते. एकबी चुकवली न्हाई बाई. उलट गुण येईना म्हणून मी शनिवारबी धरला, तेवढीच एक गोळी जास्ती पोटात जाईल."

दादा, आमचा न बोलणारा दादा, तोंडाला उपरणं लावून बाहेर गेला. तो हसत होता की रडत होता, मला अजून कळलेलं नाही. वहिनी मात्र हसल्या नाहीत. त्यांनी मायचा पाय मांडीवरून खाली ठेवला, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "आत्याबाई, आता असं करायचं. रोज. उपास असो नसो. सकाळी डोळे उघडले की आधी गोळी, घोटभर पाण्यासंगं. मंग सडा-सारवण, मंग आंघोळ, मंग देव. अन् देव झाले की मंगच चहा. त्याच्या आधी तोंडात काही न्हाई. आता तुमी मला सांगा, उद्या कशी घेणार?" मायनं शाळेतल्या पोरीसारखं सगळं परत म्हणून दाखवलं. चहा देवाच्या आधी म्हणाली तेव्हा वहिनींनी थांबवलं आणि पुन्हा सांगितलं. अर्ध्या तासाची वाट बघायची असते त्या गोळीनंतर, ती त्यांनी सडा, आंघोळ आणि देव यांत बसवून दिली होती. घड्याळाचं नाव काढलं नाही.

आता मला सांगा, मी चूक काय सांगितलं होतं? उपाशीपोटी हा शब्द डॉक्टरांच्या चिठ्ठीत होता, पुस्तकात होता, आजही प्रत्येक दुकानात तोच वापरतात. शब्द बराबर होता. आमच्याकडच्या बायकांचा आठवड्यातला निम्मा वेळ उपासातच जातो आणि त्यांच्या कानाला 'उपाशी' म्हटलं की उपवासच ऐकू येतो, याला मी काय करू? हे मी आजवर कितीदा तरी सांगून बघितलंय. ऐकणारा मान हलवतो आणि मग म्हणतो, "पण वहिनींनी बरं ओळखलं, नाही?"

माय बरी झाली. महिना-दोन महिन्यांत तिचा आवाज परत आला, आणि तो परत आला तो हीच गोष्ट सांगायला आला. पाणवठ्यावर, देवळात, आठवडी बाजारात भाजीवालीपाशी बसून, "माझ्या सुनेनं कसं विचारलं ऐका" असं सुरू व्हायची, आणि त्यात माझ्या वाट्याला एवढंच, की पोरगं शिकलेलं हाय पर त्याला सांगता येत न्हाई. बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. रस्त्यात मी दिसलो की एखादी विचारायची, "काय दत्ता, आज उपास हाय का?" मी परीक्षेवर भिस्त ठेवून बसलो होतो. निकाल लागला. मी पहिला आलो. वहिनी चांगल्या मार्कांनी पास झाल्या, पण माझ्या पुष्कळ मागे. अण्णांनी पेंटरला बोलावलं आणि म्हणाले, "ठरली तशीच कर पाटी. दत्त मेडिकल." हिरवी अक्षरं, तांबडी किनार. तो रंगवत होता तेव्हा मी शिडी धरून उभा होतो. इतका निर्धास्त मी पुन्हा कधी झालो नाही.

उद्घाटनाच्या दिवशी किराण्याच्या अर्ध्या भागात नवं काउंटर, काचेची कपाटं, पूजा, नारळ, सगळं झालं. मी पांढरा कोट घालून खुर्चीत बसलो. खुर्चीला नव्या रेक्झिनचा वास येत होता. पहिलं गिऱ्हाईक आलं ते पिंजार गल्लीतल्या नूरबी खाला, हातात नवऱ्याच्या औषधांची चिठ्ठी. आमच्या दुकानात आल्या म्हणून अण्णा हरखले. खालांनी चिठ्ठी काउंटरवर ठेवली नाही. इकडं तिकडं बघितलं आणि म्हणाल्या, "गोली कब खाते कर के पूछतीं सो वो भाभी किदर हैं?" मी म्हणालो, "मैं हूँ ना, खाला. पहला नंबर आया मेरा." खाला हसल्या. फार मायेनं हसल्या. "तुम भी रहो, बेटा," म्हणाल्या. "भाभी कू बुलाव."

वहिनी आतून आल्या. पाहुण्यांचा स्वयंपाक चालू होता, हाताला पीठ होतं. त्यांनी हात धुतले, चिठ्ठी वाचली, मी गोळ्या काढून दिल्या, आणि त्या उभ्यानंच खालांना विचारायला लागल्या. चाचांचे रोजे आहेत का, असतील तर पहाटे सहरीला कोणती घेणार, सांजच्या इफ्तारला कोणती घेणार, आता मला परत सांगा. खाला सांगत होत्या. मागच्या दारात माय येऊन उभी राहिली. थोडा वेळ तिनं ऐकलं आणि मग माझ्याकडे न बघता, आवाज न चढवता म्हणाली, "दत्त्या, ऊठ. बसू दे तिला."

मी उठलो. पहिल्याच दिवशी, पहिल्याच गिऱ्हाइकासमोर, माझ्याच नावाच्या पाटीखाली. वहिनी "राहू द्या, भाऊजी" म्हणाल्या, पण मायनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना बसवलं. अण्णा नारळाचे तुकडे करत होते, त्यांनी वर बघितलंच नाही. पुढं आठवड्याच्या आत दुसरी खुर्ची आली, तीही चांगली होती. तिच्यावर मी सगळं आयुष्य काढलं, दुकान चांगलं चाललं, घर उभं राहिलं. पण ती दुसरी होती. गावात आजही कुणाला दत्त मेडिकल कुठं विचारा, लोक डोकं खाजवतात. वहिनीचं मेडिकल म्हणा, पोरं दारापर्यंत आणून सोडतील. आणि हे नाव कोणी दिलं? मी. पहिल्या दिवशी, एक डबा मागताना. अजून लोक येतात, काचेतून आत डोकावतात, "वहिनी हायेत का?" म्हणतात. मी म्हणतो, "मी हाय ना." तर म्हणतात, "असू द्या, सांच्याला येतो." माझी बायको म्हणते, बायकांना सवत असते, तुम्हाला वहिनी आहेत. गोळी कशी घेणार ते मला परत सांगा, असं मीही विचारतो गिऱ्हाइकांना. वहिनी दुकानात नसल्या म्हणजे.

गेल्या दिवाळीत ओसरीवर मी आणि वहिनी शेंगा फोडत बसलो होतो. दादा जाऊन बरीच वर्षं झाली, माय-अण्णा तर त्याच्याही आधी. मनात कितीतरी दिवसांपासून होतं, ते एकदाचं विचारून टाकलं. म्हणालो, "वहिनी, खरं सांगा. कॉलेजात मी पहिला यायचो, तेव्हा तुमाला माझा हेवा वाटायचा का?" मला 'हो' पाहिजे होतं. थोडासा चालला असता. वहिनींनी शेंग फोडता फोडता माझ्याकडे बघितलं. "तुमचा? काहून?" असं म्हणाल्या, आणि चिडवायला नाही, खरंच विचारत होत्या. मग जरा विचार करून म्हणाल्या, "येळ कुठं होता, भाऊजी? सकाळच्या भाकरी, मंग कॉलेज, मंग सांजच्या भाकरी. हेवा कराया बी फुरसत लागती." आणि सोललेले दाणे माझ्या वाटीत टाकले. माझ्याकडे फुरसत भरपूर होती, हे त्या बोलल्या नाहीत. तेही बोलल्या असत्या तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं.

तर ऋतुजा. तिला मी रविवारी ओसरीवर बसवलं. आजी आत खलबत्त्यात काहीतरी कुटत होती, रेडिओ मी बंद ठेवला. तयारी करून ठेवली होती. सांगितलं, की पोरी, औषधाचं कंपनीचं नाव पाठ करू नको, आतल्या द्रव्याचं कर. पट्टी हातात घेताना एकदा आणि देताना एकदा वाच, सारख्या नावाच्या गोळ्या गळा कापतात. प्रॅक्टिकलला दुसऱ्याचं बघून लिहू नको, इमल्शन फुटलं तर फुटू दे, पण हात थांबवू नको आणि आवाजाकडे कान ठेव, तुझ्या आजीच्या खलातून कसा चट् चट् यायचा. बसमध्ये पुस्तकात तोंड खुपसून बसू नको, माणसांशी बोल, उद्या तीच गिऱ्हाइकं असतात, आजी बघ कशी अख्खी गाडी आपली करायची. कोणी कंपाउंडर म्हणालं तर रागावू नको. कठीण शब्द वापरलास तर समोरच्याला काय ऐकू आलं ते विचार, मायच्या वेळी आजीनं विचारलं तसं. आणि अभ्यास कर, पहिला नंबर काढ, मी काढला होता. हे शेवटचं मी दोनदा सांगितलं. चहा दोन वेळा झाला तोवर.

पोरगी शांतपणे ऐकत होती. संपल्यावर म्हणाली, "आजोबा, आता मला काय कळलं ते मी तुम्हाला परत सांगते. बराबर आहे का बघा." मी खुर्चीत सरसावून बसलो.

"म्हणजे थोडक्यात," ती म्हणाली, "आजी करते तसं करायचं."

आत खलबत्ता थांबला.

"चूक," मी म्हणालो. "नीट ऐकलंच न्हाईस तू. बस, पुन्हा सांगतो." ती पुन्हा मांडी घालून बसली. मी घसा साफ केला आणि अगदी पहिल्यापासून सुरुवात केली. "आमच्या वर्गात," मी म्हणालो, "इमल्शन एकाच पोरीचं जमायचं."